कोपरा फाटलेला साहेब

अण्णा,

तुमचा आंघोळीचा साहेब सापडला. हो, तोच, कार्डावरचा. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतला, पोट सुटलेला, पायाच्या अंगठ्याला खेकडा लटकलेला आणि तोंडाचा चंबू झालेला. मागे त्याची बायको छत्री उघडून भलतीकडेच बघत उभी. सगळं आहे तसं आहे, फक्त बायकोची छत्री गेली. नुसती दांडी हातात धरून उभी आहे बिचारी. तुम्ही असता तर आधी त्या छत्रीचंच विचारलं असतं, म्हणून तेच पहिल्यांदा सांगून टाकलं. बाकीचं सांगायला मला जरा मागपासून सुरुवात करायला हवी, कारण तुम्ही गेल्यावर तुमच्या कोऱ्या कार्डांचं काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. सांगणार तरी कोण? घरात आता मीच एकटी, आणि भिंतींशी बोलायची सवय मी लावून घेतलेली नाही. एकदा लागली की सुटत नाही म्हणतात.

कोर्टातला बेलिफ म्हणजे काय, हे ज्याच्या घरी बेलिफ असतो त्यालाच ठाऊक. महाडच्या बाजारात चार माणसं हसत उभी असली आणि तुम्ही जवळ गेलात, की त्यांचं बोलणं मिटायचं. लग्नाच्या पंगतीत तुमच्या शेजारचा पाट शेवटी भरायचा. समन्स घेऊन तुम्ही पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपर्यंत जायचा, एस्टी खाली सोडायची आणि पुढे पायवाट. वाडीतलं पहिलं कुत्रं भुंकायच्या आत खबर पोचलेली असायची. ‘बेलिफ आला गो, कवाड लाव!’ माणूस आत कणगीमागे दडलेला, आणि बायको दारात उभी राहून सांगते, ‘मालक मुंबैला गेलं.’ तुम्ही ‘बरं’ म्हणायचा, खळीची डबी काढायचा, कागद दारावर डकवायचा आणि उतरायला लागायचा. त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही हा तुमचा नेम. घरी आलात की पायातल्या वहाणाही न काढता माठाशी जायचा. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे तांब्या भरून द्यायला मीच. पाणी पिताना तुमचा गळा वरखाली व्हायचा ते मला अजून दिसतं.

रविवारी मात्र तुम्ही वेगळेच. दाढी करून, पांढरा सदरा घालून कोर्टाची पिशवी दारामागच्या खिळ्याला टांगायचा आणि म्हणायचा, “पिशवी खिळ्याला, आता मी माणूस.” आणि निघायचा कार्डं बघायला. लोकांचे बाप रविवारी मटण आणायला जात, माझा बाप हसरी कार्डं आणायला जातो, हे मैत्रिणींना सांगायचीही मला लाज वाटायची. या छंदाचं मूळही कोर्टाच्या कामातच होतं. सावित्रीकाठच्या गावात बोटीवर जन्म काढलेले ते चाचा, त्यांच्या घरी तुम्ही कसलासा कागद घेऊन गेलात आणि आरशाच्या चौकटीत खोचलेलं कार्ड दिसलं. एक जाडी बाई गाढवावर बसली आहे आणि गाढव खाली बसलं आहे. हातात समन्स आणि तुम्हाला हसू आवरेना! पण कामाच्या दिवशी काही मागायचं नाही, म्हणून तोंड दाबून परत आलात आणि पुढच्या रविवारी पांढऱ्या सदऱ्यात पुन्हा गेलात. चाचा दारातूनच ओरडले, “आज कागद नाय ना आनला बेलिफसाहेब? मग बसा!”

चाचांकडे बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा भरून कार्डं होती. बंदराबंदरांतून घेतलेली, आणि बहुतेक कोरी. “हसू आलं म्हनून घ्यायचो,” ते म्हणाले होते, “लिवनार कोन? मला लिवता येत नाय. आन लिवलं असतं तर घरी वाचनार कोन?” ते हसत सांगत होते आणि तुम्ही घरी येऊन मला ते सांगताना हसला नव्हतात. चाचा दर वेळी अख्खा डबा तुमच्यापुढे सरकवायचे, ‘न्या एकदाचा’ म्हणायचे, आणि तुम्ही त्यातलं एक कार्ड निवडायचा. एकच. सकाळभर बसून, चहा पिऊन, बोटीवरच्या गोष्टी ऐकून, एक कार्ड सदऱ्याच्या खिशात घालून यायचा. मी सुकटीचं कालवण आणि भाकरी वाढते आहे, तुम्ही कार्ड तांब्याला टेकवून समोर उभं केलं आहे, आणि घास हातात तसाच ठेवून एकटेच खुदुखुदु हसता आहात. मी वैतागून म्हणते, “अहो, सगळी एकदम आणा की! चाचा देतात आणि तुम्हाला घेता येत नाहीत?” तुम्ही म्हणता, “एकदम आणली तर ठेवू कुठं?” आईची लग्नातली ट्रंक पलीकडे अर्धी रिकामी पडलेली. मी कपाळाला हात लावला आणि तुमच्या पानात आणखी एक भाकरी टाकली. पुढे चाचा गेले तेव्हा तो डबा निम्मा भरलेलाच होता. तुम्ही मयतीला जाऊन आलात, आणि डब्याचा विषयसुद्धा काढला नाहीत. मी म्हटलंच, “बघा, म्हणत होते ना मी?”

एकदा मात्र तुम्ही मला सुनावलंत. कुणाच्या तरी म्हशींवर जप्ती निघाली होती. त्या माणसाला तुमच्या छंदाची कुणकुण लागलेली, तो तुम्ही नसताना आला आणि माझ्या हातात एक कार्ड ठेवून गेला. तोच हा आंघोळीचा साहेब. मी हसून हसून बेजार, अण्णा किती खूश होतील म्हणून कार्ड तांब्याला टेकवूनही ठेवलं. तुम्ही आलात, बघितलंत, कुणी दिलं विचारलंत, आणि पाणीही न पिता म्हणालात, “चल.” सव गावच्या रस्त्याने त्या उन्हात तुम्ही पुढे आणि मी मागे. माझ्या नव्या चपला चावत होत्या आणि तुम्ही वळूनही बघत नव्हतात. मी रडवेली होऊन म्हटलं, “एवढंसं हसरं चित्र ते!” तेव्हा थांबलात. “चित्र हसरं असलं म्हणून लाच लाच राहत नाही की काय?” कार्ड त्याच्या हातात परत दिलंत. खटला निकालात निघाला, म्हशींचं काय व्हायचं ते झालं, आणि मग एका रविवारी तुम्ही पांढरा सदरा घालून त्याच माणसाकडे गेलात आणि तेच कार्ड मागून आणलंत! त्याने कसं दिलं देव जाणे, मी असते तर तुम्हाला दारात उभं केलं नसतं. पण साहेब तुमचा जीव की प्राण झाला. इंग्रजीत खाली काय लिहिलंय त्याच्याशी तुम्हाला देणंघेणं नव्हतं, तुम्ही तुमचंच रचलंत. हा साहेब सवच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरला, पाय भाजला, आणि ‘पाणी गार करा’ असा दावा लावायला महाडच्या कोर्टात निघाला, तर वाटेत खेकड्यानेच त्याला समन्स बजावलं! ही गोष्ट तुम्ही रविवारी साहेबाला खिशात घालून वाडीवाडीत सांगितलीत. ज्या दारांवर कागद डकवलेत, त्याच घरांच्या पडवीत बसून सांगितलीत. पडवीच्या आत काही तुम्हाला कुणी बोलावलं नाही, पण चहा मिळायचा.

मला नर्सच्या ट्रेनिंगला जायचं ठरलं तेव्हा तुम्ही ट्रंकेतून एक कार्ड काढून दिलंत, वाडीवाडीतल्या पोरांना दाखवून झालेलं. छापील कुत्रं, पण त्याला शेपटीच्या जागी खरीखुरी तारेची स्प्रिंग. टिचकी मारली की थरथरत राहते. “सुई टोचताना पोरं रडली की हलव,” म्हणालात. मला तेव्हा घड्याळ हवं होतं, अण्णा, माझं तोंड एवढंसं झालेलं तुम्ही बघितलंत पण. आता ते कुत्रं लशीच्या पिशवीत असतं. पोलादपूरच्या उपकेंद्रात काम करते, महाडहून रोज एस्टीने जाते. वाडीवर पोचायच्या आत पोरं बोंब ठोकतात, ‘सुईवाली आली, पळा!’ आणि माच्यावर, शेणीच्या राशीमागे, जागा मिळेल तिथे दडतात. बापाचा वारसा चालवते आहे म्हणायचं.

तुम्ही गेलात ते भर पावसात. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं, दुकानं बुडाली, पोस्ट बंद, फोन बंद. तुमच्या दुखण्यासाठी खेडचे काका आधीच आलेले होते म्हणून निभावलं. दहन कसंबसं झालं आणि काका म्हणाले, कार्डं लिहायला हवीत, तेराव्याला माणसं यायला हवीत. आपली नातलग मंडळी ती किती! मी चुलीपाशी बायकांच्यात बसले होते, तिथूनच तुमच्या रविवारच्या घरांची नावं सांगितली, ही वाडी, ते गाव. माझी तेवढीच इच्छा होती, की तुमच्या तेराव्याला कुणीतरी यावं. आयुष्यभर ज्याला बघून लोकांनी दारं लावली, त्याच्यासाठी निदान त्या दिवशी कुणी आपलं दार ओढून घेऊन आपल्याकडे यावं. काका बाहेर लिहीत होते, मधूनमधून कागद फाटल्याचा आवाज येत होता. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात, त्यात मला नवल वाटायचं कारण नव्हतं. पाणी उतरल्यावर त्यांनी कार्डं पेटीत टाकली.

तेराव्याला वरच्या वाडीतला एक म्हातारा तेवढा आला. खांद्यावर घोंगडी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. त्याने तुमच्या फोटोला हात जोडले, फोटोकडे बघितलं आणि फस्सकन हसला. मग घोंगडीचं टोक तोंडात कोंबून तसाच बसून राहिला, खांदे हलताहेत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेल्या घरी येऊन दात काढतोस? पण पान वाढलं. एकटाच तर आला होता.

सगळे गेल्यावर ट्रंक उघडली, तर कोऱ्या कार्डांची चळत नाही. नुसता सुतळीचा तुकडा पडलेला. काकांना विचारलं तर म्हणतात, “कार्डंच होती ना ग ती? बाजारात मिळत नव्हती, ट्रंकेत गठ्ठा दिसला, तिकिटं खणात होती. मागल्या बाजूला चित्र आहे ते मी कशाला बघू? माझा चष्मा पावसाने धुरकटलेला.” घ्या! चाचांचं गाढव, तुमचा साहेब, दात पाडणारा न्हावी, सगळ्यांचे कोपरे फाडून, पाठीवर ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते’ लिहून काकांनी ती पोस्टात टाकली होती! हसावं की रडावं तेच कळेना. मी रडले. मयताचं कार्ड वाचलं की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत, हे शेंबड्या पोराला ठाऊक. म्हणजे तुमची सगळ्यात लाडकी कार्डं चिंध्या होऊन कुणाकुणाच्या परसात पडली आणि पावसाने वाहून गेली. ट्रंकेत उरली ती आधीच कुणीतरी लिहिलेली, दुसऱ्यांच्या खुशालीची. तुमचं असं काही उरलंच नाही. काकांशी मी वर्षभर बोलले नाही. मग काकाही गेले.

तेव्हापासून हे असं चाललं आहे. सकाळी एस्टी, संध्याकाळी एस्टी. तुमच्या खिळ्याला माझी पिशवी. माझं लग्न जमवायला कुणी बसलं नाही आणि मीही कुणाच्या मागे लागले नाही, आता तो विषयही लोक काढत नाहीत. रविवार तेवढा खायला उठतो. इतर दिवशी निदान पोरं पळून जायला तरी असतात. मी एकटीपुरता भात टाकते, तो उरतो, सोमवारी परतून खाते.

मागल्या रविवारी पोलिओचे डोस होते, म्हणून वरच्या वाडीला गेले. तिथे एका घरात मुंबईहून बाळंतपणाला आलेल्या नातीचं थोरलं मूल होतं, ते डोस बघून भोकांड पसरून रडायला लागलं. मी कुत्रं काढलं, शेपटीला टिचकी मारली. पोर गप्प झालं, पण पडवीत भाताचं सूप घेऊन बसलेली म्हातारी ताडकन उठली. “अगो, ह्ये तर बेलिफाचं कुत्रं हाय!” मी म्हटलं, मी त्यांचीच मुलगी. ती माझा दंड धरून मला पडवीच्या कोपऱ्यात घेऊन गेली. खांबाला खिळा, खिळ्याला प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत, धुराने पिवळा पडलेला तुमचा साहेब. वरचा कोपरा फाटलेला. त्याच कोपऱ्यात छत्री होती हो.

म्हातारी सांगत होती, “कोपरा फाटल्याला बगून माज्या कालजात लक्क झालं. म्हनलं, मुंबैला पोराचं कायतरी झालं. वाचाया येतंय कुनाला? शालेतल्या मास्तराकडं न्यायचा म्हनून उलटा केला, तर ह्यो उघडा साहेब! आमच्या म्हाताऱ्यानं लगेच वलखला. म्हनतो, बेलिफ ग्येला गो. आन हसाया लागला. हसतोय न् डोलं पुसतोय, हसतोय न् डोलं पुसतोय.” तुमच्या तेराव्याला आलेला तो हाच तिचा म्हातारा. तोही आता नाही. “सुतकाचं कार्ड, घरात घ्यायाचं नाय,” ती म्हणाली. “पन फाडायाचा कसा? म्हातारा म्हनाला, बेलिफ आपल्या पडवीतच बसायचा, ऱ्हाऊंदे हितंच. घरात नाय आनला, पन भायेरपन नाय टाकला.” दर पावसाळ्याला ती नवी पिशवी घालते. मी रडतही होते आणि साहेबाचा चंबू बघून मला हसूही येत होतं, आणि नात मूल कडेवर घेऊन माझ्याकडे बघत होती, नर्सबाईला वेड लागलं की काय म्हणून.

म्हातारी म्हणाली, ने. मी नाही म्हटलं. डोसाची पिशवी खांद्यावर होती, कामाचा दिवस. मी म्हटलं, “आजी, आज नाही. रविवारी येईन.” “आज ऐतवारच हाय की गो!” ती म्हणाली. मी म्हटलं, माझा रविवार नाही हा.

काल गेले. पिशवी खिळ्याला टांगली, आईची जांभळी साडी नेसले, चढण चढून गेले. कुणी ओरडलं नाही, कुत्रंही फारसं भुंकलं नाही. म्हातारीने पडवीत घोंगडं अंथरलं, कोरा चहा दिला, नाचणीची भाकरी आणि ठेचा दिला, बस गो बस गो म्हणत अर्धा दिवस बसवून घेतलं. खेकड्याच्या समन्सची गोष्ट तिने मलाच सांगितली, आणि तुमच्यापेक्षा बरी सांगितली. निघताना तिने साहेबाला खिळ्यावरून काढलं, पदराने पुसलं, माझ्या हातात दिलं. “ने. तुज्या बापाचा हाय.” केवढीशी ती वस्तू, आणि त्यासाठी मी किती वर्षं झुरले! मागे काकांच्या अक्षरात तुमचं नाव. मी ते वाचलं. आणि कार्ड परत पिशवीत घालून खिळ्याला अडकवलं. म्हटलं, “राहू दे आजी. इथंच बरा आहे.” म्हातारीला कौतुक वाटलं. “बापावर ग्येलीस,” म्हणाली, “कुनाचं कायपन घेत नायस.”

मी तिला खरं कारण सांगितलं नाही. पण तुम्हाला सांगायला हरकत नाही, हे पत्र काही कुठे जायचं नाही, ट्रंकेतच पडणार आहे. मी कसली निःस्पृह! कार्ड आणलं असतं तर पुन्हा ती चढण चढायला मला निमित्त काय उरलं असतं? म्हातारीने विचारलं, परत कवा येशील, आणि मी लगेच म्हटलं, येत्या रविवारी. चाचांकडून एकाच वेळी सगळी कार्डं का आणत नाही म्हणून मी तुम्हाला किती टोचून बोलायची. आता नाही विचारणार, अण्णा. ट्रंकेत जागा होती, ते तुम्हालाही दिसत होतं.